गेरूचा डाग

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात डोळ्यांचा डॉक्टर होतो. एका दुपारी, पेशंट बघून बघून मान धरली असताना, भवानी पेठेतला एक यंत्रमाग कामगार बायकोबरोबर आला. उजव्या डोळ्याला तुटलेला धागा दिसेना, म्हणाला. थेंब घालून आत पाहिलं तर पडद्यावर पांढरे चट्टे पसरले होते. कपाळावर काही उठलं होतं का, असं विचारलं. दोघंही नाही म्हणाले. मग केसांच्या मुळाशी गेरूचा डाग दिसला. नागीण उठली की आमच्याकडे गेरू लावतात, आणि गेरूचं नाव काढलं की मी ओरडतो, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून लपवलं होतं.

निदान झालं. नागिणीचेच विषाणू पडद्यापर्यंत पोचले होते. त्यांना मारणारं औषध तेव्हा माझ्याकडेच काय, मुंबईतही नव्हतं. सूज उतरायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि हा डोळा परत येणार नाही, दुसऱ्यालाही हे होऊ शकतं, तेही सांगितलं.

बायकोनं हळूच विचारलं, "मग दुसऱ्या डोळ्याच्या अंगाला आत्ताच गेरू लावून ठिवू का, डॉक्टरसाहेब?"

मी पेनाला टोपण लावलं.

"लावा," म्हणालो.