सहा पाण्यांनी धुतलेल्या नळ्या

मुकादम मॅडम काचेची नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या आणि तिला म्हणायच्या, "हं, बोल." नळी गढूळ दिसली की खूश. मी जन्मभर गढूळ भांडं दिसलं की घासत आलेली, आणि इथे एक शिकलेली बाई गढूळपणाला शाबासकी देत होती.

मी उदगीरकडची, सहावीत शाळा सुटलेली. नवऱ्यामागे पनवेलला आले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. गावाबाहेर गोळ्यांचा एक कारखाना होता, तिथे प्रयोगशाळेतल्या नळ्या धुण्याचं काम मिळालं. मॅडम त्या प्रयोगशाळेच्या. पनवेलच्याच, कोकणी मुसलमान घरातल्या, वडील कुवेतला. पहिल्या दिवसापासून मला 'अहो शांताबाई' म्हणाल्या. त्या अख्ख्या कारखान्यात मला अहो-जाहो करणारं दुसरं कुणी नव्हतं.

गरोदर बायकांना देतात त्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तिथे बनत, आणि गोळीत औषध पुरेसं आहे का ते जंतूंकडून तपासून घेत. औषधाशी जंतूंचं काय काम, असं मी भीत भीत विचारलं. मॅडमनी काम थांबवून समजावलं. जंतूंना वाढायला अमिनो आम्लं लागतात आणि बरेचसे जंतू ती स्वतः बनवतात. पण त्या आम्लांतल्या काहींचा शेवटचा टाका फॉलिक अ‍ॅसिडशिवाय पडत नाही. "सदरा शिवून तयार, पण बटण आणून देणारा गैरहजर, अशी गत होते." बहुतेक जंतू हा बटणवालाही घरीच तयार करतात. सल्फाच्या गोळ्या त्यांचं तेवढंच काम बंद पाडतात. आपल्याला काही होत नाही, कारण आपण तो पालेभाजीतून आयता घेतो. आमच्या नळ्यांतले जंतू मात्र आपल्यासारखेच, घरी न बनवता येणारे. "ताटात पडलं तर वाढतील, नाहीतर उपाशी, बिचारे."

म्हणजे गोळीत औषध असेल तर नळी गढूळ, नसेल तर स्वच्छ. आधीच्या औषधाचा कण नळीत राहिला तरी जंतू वाढून खोटं सांगतील, म्हणून माझ्या धुण्याला मान. सहा पाणी, शेवटची दोन यंत्रातल्या शुद्ध पाण्याची.

एका सकाळी एका मालाच्या सगळ्या नळ्या नितळ निघाल्या. मॅडमनी तसं लिहून वर पाठवलं. तासाभरात मॅनेजरनं मला बोलावलं. नळीत साबण राहिला, त्यानं जंतू मेले, असं त्याचं म्हणणं. मी काय केलं, सांगायला आजही लाज वाटते. "राहिला असेल साहेब, चुकलं," म्हणाले. आमच्याकडे मोठ्या माणसानं आवाज चढवला की आधी चूक कबूल करायची, मग ती काय होती ते विचारायचं. त्यानं कागद पुढे केला, मी न वाचताच सही केली. वाटलं, नोकरी वाचली.

दुपारी मॅडमना कळलं. एवढं चिडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि चिडल्या होत्या माझ्यावर. दोन नळ्या हातात घेऊन आल्या. एकीत खात्रीचं औषध घातलेलं होतं, ती पेजेसारखी गढूळ. दुसरी आमच्या गोळीची, नितळ.

"या दोन्ही कोणी धुतल्या?"

"मीच."

"एकाच टोपलीत?"

"हो."

"मग साबण फक्त आपल्याच गोळीच्या नळीत शिरला का? त्याला काय पत्ता देऊन पाठवला होतात?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, मॅनेजरशी मी भांडून आले, पण तो तुमची सही दाखवतो. माल उद्या निघेल. "कुठल्या तरी बाईला डॉक्टर सांगतील, रोज एक घे. ती इमानेइतबारे घेईल, शांताबाई. काय घेईल ती?"

सही मागे घ्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी मॅनेजरकडे गेले. साबण नव्हता, सहा पाणी दिली होती, असं सांगितलं. मग सकाळी खोटं का लिहून दिलंस, त्यानं विचारलं. "तुम्हाला घाबरून," मी म्हणाले. लेखी द्यायला सांगितलं, तर वाकड्यातिकड्या अक्षरात तेही दिलं. दोन कागद समोरासमोर आल्यावर माल थांबवावाच लागला.

मला काढलं नाही. काढलं मॅडमना, चार महिन्यांनी, जागा कमी करतोय म्हणून. जागा कमी झाली आणि पुढच्याच आठवड्यात तिथे मॅनेजरच्या ओळखीचा मुलगा बसला. त्यानं कधी नळी उजेडाकडे धरली नाही. आज इतकी वर्षं झाली, माझा संताप काही निवत नाही.

शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढेही एक कागद आला. मी टोपली घेऊन दारातच होते. टाइप केलेलं होतं, 'स्वखुशीने राजीनामा देत आहे.' मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पेन उघडलं, 'स्वखुशीने' या शब्दावर सरळ रेघ मारली आणि मग खाली सही केली.

त्यानंतर मी कोऱ्या कागदावर तर नाहीच, छापील कागदावरही वाचल्याशिवाय सही केलेली नाही.