सोजरबाईंच्या सेटचं बटण

बुधवार पेठेत माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि शेजारी हुसेनभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे त्यांचं बोलणं मला दिवसभर फुकट ऐकायला मिळे. त्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द सगळ्याला पुरे. दुरुस्तीला आला तो सेट. घड्याळ लावलं की टाइम सेट. अजीर्ण गेलं की पोट सेट. पुतणीचं लग्न ठरलं, तीही सेट झाली. शेवटी मी विक्रीला आलेला जाडजूड शब्दकोश त्यांच्यापुढे उघडला. नुसत्या त्या एका शब्दाला दोन पानं दिली होती. ती न्याहाळून ते म्हणाले, "श्रीनिवासराव, यात पोटाचं आहे का?" नव्हतं. मी कोश मिटला.

चौऱ्याऐंशी सालातला तो शनिवार. संध्याकाळी सव्वापाचला हुसेनभाई माझ्या दुकानात आले ते पांढरे पडून. सुपारीसाठी शर्टाच्या खिशात हात घातला, तर हाताला टीव्हीचं काळं बटण लागलं होतं.

"सोजरबाईंच्या सेटचं आहे. दुरुस्त करताना काढून खिशात टाकलं, ते बसवायचंच राहिलं. दुपारी खडकीला पोचवला मी तो. तिथे लाईट गेले होते, म्हणून लावून पाहिला नाही."

"मग उद्या नेऊन बसवा की," मी म्हणालो. माहिती नसली की माणूस असा ऐटीत बोलतो.

त्यांनी मला घाईघाईनं समजावलं. तसल्या जुन्या सेटमधला पत्रा थेट विजेच्या तारेला जोडलेला असे. प्लग उलटा बसला, की बटणाखालच्या लोखंडी दांडीतही वीज उतरे. ती दांडी आता उघडी होती, आणि तीच फिरवून सेट चालू होई, आवाजही चढे. सहाला सिनेमा लागणार होता. सोजरबाईंचा मुलगा मच्छिंद्र दारूगोळा कारखान्यात पाळीवर. म्हातारी घरात एकटी, भांडी घासून ओल्या हातानं ती सेट लावायला जाणार. घरी फोन नाही.

माझी स्कूटर सातव्या लाथेला सुरू झाली. प्रत्येक लाथेला मी तिचा उद्धार केला. शिवाजीनगर, वाकडेवाडी, सगळीकडे गर्दी. मागे हुसेनभाईंनी माझा खांदा इतका आवळला होता की दुखू लागला, पण सोडा म्हणवेना. ते नुसतं "या अल्लाह" म्हणत होते. मला भीती वाटत होती. मी रस्त्यापेक्षा मनगटावरचं घड्याळच जास्त पाहत होतो.

पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. कारखान्याच्या क्वार्टर्सच्या प्रत्येक खिडकीतून सिनेमातलं गाणं येत होतं. सोजरबाईंच्या घरातून काहीच नाही.

पायरीशी हुसेनभाई थांबले. "तुम्ही आधी जा," म्हणाले. माझीही हिंमत होईना. शेवटी एकमेकांचा हात धरून दोघं आत गेलो.

सेट चालू होता. पडद्यावर माणसं मुकाट ओठ हलवत होती आणि पुढ्यात सोजरबाई कुशीवर पडलेल्या होत्या. हुसेनभाईंनी दारातूनच "सोजरबाई!" अशी हाक मारली.

"कोन हाय?" बाईंनी डोळे उघडले. "आलासा व्हय! बटनच दिलं न्हाई तुमी. आन् माजी बोटं वळत न्हाईत. कापडं वाळत घालायच्या लाकडी चिमट्यानं लावला, पर आवाज काय चढंना. बगता बगता डोळा लागला."

हुसेनभाईंनी टेस्टर काढला. तो उघड्या दांडीला टेकवला. टेकताच आतला दिवा लाल पेटला; दांडीत वीज होती. त्यांनी प्लग ओढून काढला आणि तिथेच रडायला लागले.

"आता रडताय कशापायी?" सोजरबाई म्हणाल्या. "बटन आनलंय न्हवं? मग लावा की. शिनेमा चाललाय."

सोमवारी हुसेनभाई दुकानात आले तेव्हा शर्टाचा खिसा वरून शिवलेला होता. त्यांच्या बायकोनं, रशीदाभाभींनी, सगळ्याच शर्टांचे खिसे शिवून दिले होते. सुपारीची डबी तेव्हापासून माझ्या टेबलावर असते.