मायचं ‘काहून’

बहीण आजारी असल्याचा कॉलेजात निरोप आला म्हणून मी निघालो. जऊळक्याला गाडीतून उतरून चालत घरी पोचलो, तेव्हा ती धाकटी तापानं बेशुद्ध होती. वैद्यानं हात टेकले होते. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतल्यापासून शेजारी उंबऱ्याशी येत नव्हते.

बाबा म्हणाले, “तू शिकला. प्रार्थना तूच कर. मले ते शब्द येत नाहीत.”

चर्चच्या पाळकांची पुस्तकी मराठी हीच देवाची भाषा, असं आम्ही समजत होतो. मी “हे दयाळू पित्या” म्हणालो आणि पुढे काही सुचेना. मनात नुसती भीती होती.

बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन मायच देवाशी आपल्या बोलीत बोलली, “बापा, काहून गप बसून राह्यला? पोरगी तुयीच हाये. नेतो तर ने, पण मले सोडू नको.”

बाबांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “मले बी.”

संध्याकाळी बहीण गेली. रिसोडहून पाळक येण्याआधीच माती द्यावी लागली. खड्ड्याजवळ बाबा स्वतःच बोलले, “बापा, तुयी पोरगी येऊन राह्यली. तिले अंधाराचं भेव वाटते.”

त्यांचा आवाज कापला नाही. ती शांती कुठून आली, हे मला अजून नीट सांगता येत नाही.