चेटकिणीचं पुस्तक नेणाऱ्या बाई

पुस्तक हातात आलं की बाई आधी शेवटचं पान उघडायच्या. उभ्याउभ्याच वाचायच्या आणि म्हणायच्या, "बघायलेय भाऊ, शेवटाला बाई जिती हाय का न्हाई." मेलेली निघाली तर पुस्तक परत माझ्या टेबलावर.

लातूरजवळच्या मुरुडला मी वाचनालय सांभाळत होतो. बाईंची जवळच पिठाची गिरणी. नवरा वारल्यावर उदगीरचा दीर न्यायला आला, त्याला त्यांनी जेवू घालून परत पाठवलं. गिरणीचा पट्टा स्वतः चढवायच्या. वाचनालयात यायच्या त्या भुवयांवर पीठ घेऊनच.

"एकटीला भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"दोघं होतो तवा लई वाटायची."

एका जुन्या लेखिकेच्या कादंबरीवर त्यांचा भारी जीव. त्यातली बाई एकटी राहते म्हणून गाव तिला चेटकीण म्हणतं, आणि ती सगळ्यांना पुरून उरते. ती कादंबरी त्यांनी पाचदा नेली.

त्या उन्हाळ्यात गिरणीशेजारच्या घरातल्या सुनेला झटके येऊ लागले. भानामती, असं ठरलं. करणारी कोण, एवढंच ठरायचं होतं. सुनेचा सासरा दोघांना घेऊन वाचनालयात आला.

"सर, ही बाई कोणती पुस्तकं नेती, दाखवा की."

मला गंमत वाटली. हसतहसत रजिस्टर पुढे केलं. कादंबरीच्या नावातच चेटकीण, आणि पाचही वेळा समोर बाईंची सही. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कुणी काही ठरवतं का? त्यांना तेवढं पुरलं. मंत्राचं पुस्तक सापडलं, असं गावभर झालं.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत दळण येईना. आठवडाभरात बायकांनीच त्यांना ओढून बाहेर काढलं, मारलं, केस कापले. पोलीस आले, जबाब झाले. माझ्या जबाबात मी रजिस्टरचं सांगितलं नाही. भ्यालो, दुसरं काय!

सुनेचे झटके लातूरच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी थांबले. तोवर दीर येऊन बाईंना घेऊन गेला होता.

दिवाळीनंतर मी उदगीरला गेलो. दीर खुर्चीवर, बाई डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी. जाऊ कौतुकानं म्हणाली, "आता लई शांत झाल्यात."

"रजिस्टर मीच दाखवलं होतं," मी कसंबसं बोललो.

"व्हय. ठावं हाय."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पिशवीतून एक नवी कादंबरी काढून पुढे धरली. बाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी दिराच्या तोंडाकडे पाहिलं.