चेहरा आवरायला वेळ

आमच्या एमआरआयच्या खोलीत मशीन चालवतात ते मास्तर. शाळेत कधी शिकवलेलं नाही हो. दिवसभर माइकवरून "श्वास घ्या, धरा, सोडा" असं पेशंटांना दटावतात, म्हणून मीच ठेवलेलं नाव. मी तिथली मावशी. पेशंटचं घड्याळ, कानातलं, केसातल्या पिना काढून घ्यायच्या, अंगात गाऊन चढवायचा, घाबरलेल्याशी दोन शब्द बोलायचे, हे माझं काम. तोंडाची मी फटकळ, हे आधीच सांगून ठेवते.

मास्तर मात्र ब्र काढायचे नाहीत. काय निघालं ते डॉक्टरांनीच सांगायचं, हा नियम. पण त्या बोगद्यातून बाहेर आलेला माणूस पहिल्यांदा बघतो तो मास्तरांच्या तोंडाकडेच. म्हणून पडद्यावर काही वाईट दिसलं की ते चष्मा काढून पुसायचे, पाणी प्यायचे, मला उगाच "मावशी, डब्यात काय आज?" विचारायचे. आत मशीन ठोकाठोक करतच असायचं. ते थांबेपर्यंत मास्तरांचा चेहरा आवरून झालेला असायचा. मग आत जाऊन "झालं, सावकाश उठा" म्हणायचे, आणि ब्रह्मदेवाच्या बापालाही काही कळायचं नाही.

मग ते नवीन आलं. मशीन तेच, डोकं नवं. आता मशीन सगळं टिपतच नाही. थोडंसं टिपतं आणि उरलेलं चित्र कॉम्प्युटर भरून काढतो, त्यामुळे स्कॅन झटक्यात उरकतो. हजारो माणसांची चित्रं बघून बघून तो शिकलाय म्हणे.

"म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे?" मी विचारलं.

"अहो मावशी, शितावरून भाताची परीक्षा," मास्तर हसले. "मोठ्या डॉक्टरबाईंनी जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून तपासलीत."

चांगलंच झालं ते, मी नाही म्हणत नाही. लहान मुलांचे, पाठदुखीने तळमळणाऱ्यांचे हाल वाचले. पण वाचलेला वेळ वरच्यांनी लगेच पेशंटांनी भरून टाकला. एक उठतोय तोवर दुसरा दारात! मास्तरांना घोटभर पाणी प्यायची सवड उरली नाही.

मास्तरांना एक मोठी बहीण. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं. कित्येक महिने तिचं डोकं दुखत होतं. जुन्या पद्धतीने एकदा आत घातलं, तर अर्ध्यावरच, घाबरलं तर दाबायला हातात फुगा देतो आम्ही, तो दाबून ओरडत बाहेर आली. बंद जागेची भीती. पुन्हा स्कॅनचं नाव काढू देईना. तिची एकुलती एक मुलगी शिकायला परदेशी निघालेली, आणि पोरीने हट्टच धरला, आईचा स्कॅन झाल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. मास्तरांनी ताईला गळ घातली, "आता लगेच होतं गं. डोळे मिटशील, उघडशील."

पोरगी निघायच्या आदल्या दिवशी दोघी आल्या. पोरगी बाहेर बाकावर बसली. मी गाऊनच्या नाड्या बांधत होते, तेव्हा ताईने भावाला जवळ बोलावलं. "हे बघ, काही निघालं तर पोरगी जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कळलं तर ती जायची नाही, आणि मला ते नकोय. मलाही सांगू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही."

"काही निघणार नाही गं," मास्तर म्हणाले.

निघालं. मी काचेमागे त्यांच्या शेजारीच उभी होते. पडद्यावरचं मला काय कळतंय, कप्पाळ! पण मास्तरांची मान एकदम खाली गेली. हात चष्म्याकडे गेला आणि तेवढ्यात मशीन गप्प झालं. आतून ताई घाबरून हाका मारायला लागली, "झालं का रे? काढ ना मला." तिला ताटकळत ठेवणार कसं? मास्तर तसेच आत गेले. टेबल बाहेर आलं. ताईने भावाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. जिने त्याचं नाक पुसलं, तिला कसला रिपोर्ट लागतोय!

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात दे, उतरव मला."

कपडे बदलायच्या खोलीत तिला बसवलं. "मावशी, मला जरा बसू द्या. बाहेर पोरगी आहे." इतक्यात काउंटरवरचा पुढच्या पेशंटसाठी दार ठोठावायला लागला. असा राग आला मला! दाराला पाठ लावली आणि ओरडले, "नाडीला गाठ बसलीय! थांब की, आभाळ कोसळतंय का?" आत ताई आरशात बघून हसायचं बघत होती. जमलं नाही. तिने पुन्हा केलं. मला काही बघवेना, मी तोंड फिरवलं.

मग ती बाहेर गेली. "काही नाही गं, उगाच घाबरत होते मी!" पोरीने आईला घट्ट मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

ताईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पोरीला सांगावंच लागलं. मास्तर डबा खात होते तेव्हा तिचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"मामा, तुला कधी कळलं होतं?"

रिपोर्ट नंतर आला म्हणायचं आणि सुटायचं ना! पण नाही.

"तेव्हाच," मास्तर म्हणाले. "ताई आत होती तेव्हाच."

"आणि मी बाहेर बाकावर बसले होते," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ऑपरेशन झालंय. मास्तर रोज संध्याकाळी ताईकडे जातात, तिला औषधं देतात, उशी नीट करतात. पोरीचा फोन वाजला की तो ताईच्या हातात देतात आणि स्वतः उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.