आधी झाकण, मग माणूस

आमच्या शेजारची रजियाताई घोडेगावच्या पलीकडं एका दूध डेअरीत लागली तेव्हा सगळे म्हणाले, महिनाभर पण टिकायची नाही. काम दूध तपासायचं. सहा महिने कच्ची नोकरी, मग सुपरवायझरनी सही केली तर पक्की. सुपरवायझर म्हणजे मार्तंडकाका.

आणि खरं सांगते, आधी काकांनी तिला लेकीसारखं शिकवलं. कॅनचं झाकण काढलं की पहिला वास घ्यायचा. "झाकण खोटं बोलत न्हाई पोरी. आधी झाकण, मग माणूस." ताई इतकी खूश की आमच्या चहाच्या पातेल्याचं झाकण पण हुंगायची! दुपारी दोघं एकाच डब्यातली चटणी खायचे.

पाचव्या महिन्यात काकांचा मेहुणा छगन दूध घेऊन आला. ताईला वास वेगळा लागला. तिनं थोडं दूध उकळून बघितलं तर फाटलंच. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक मिसळला होता त्यानं. घरी त्याचा मस्त खरवस होतो, पण डेअरीत गेला तर अख्खी टाकी नासते. ताईनं कॅन परत केला.

छगन ओरडला, "कालची पोरगी तू, मला शिकवती व्हय?"

"मला नका बोलू, दुधाला बोला."

रांगेतले सगळे हसले. काका नाही हसले.

दुसऱ्या दिवसापासून डबे वेगळे. "पोरी" गेलं, "ओ मॅडम" आलं. तपासणी काढून घेतली, कॅन धुवायला बसवलं. ताई रडली, पण फक्त आमच्या ओट्यावर. मी म्हणाले, सोड ना ती नोकरी! तर माझ्यावरच उखडली, "का सोडू? काम येतं मला!"

सहा महिने भरले. काकांनी बोलावलं. "छगनला म्हन, माझी चूक झाली. लगेच सही करतो."

"चूक कुठली काका? हुंगायला तुमीच शिकवलं. आता त्याच नाकानं खोटं बोलू?"

सही नाही झाली. अजून तीन महिने कच्ची.

दुसऱ्या सकाळी ताई कॅन धुवायला बसलीच नाही. सरळ तपासणीच्या टेबलापाशी जाऊन उभी. रांगेत पहिला छगनच! काका दारात. ताईनं काकांकडं बघतच झाकण काढलं, हुंगलं, दूध उकळलं. चांगलं होतं.

"ओता छगनदादा. चांगलं असलं की घेते मी."

काकांनी तिला बाजूला हो म्हटलं नाही. तेव्हापासून ताई त्याच टेबलापाशी आहे. कच्ची तर कच्ची!