इदवलचे पाच आजोबा

इदवल ह्यूज बसच्या नोकरीतून निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. सबंध नोकरीत एकदाही वेळेवर न पोचलेल्या ड्रायव्हरला घड्याळ द्यायचं, हे सुचायलाही डोकं लागतं. इदवलने ते शेगडीवरच्या फळीवर नुसतं टेकवून ठेवलं, कारण भिंतीवरची मोक्याची जागा आधीच अडलेली होती. तिथे काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. त्यावर छापलेलं होतं, ‘या घरात फितूर नाही.’

आमच्या वेल्समधल्या या गावामागे पाटीच्या दगडाचा डोंगर आहे, आणि त्या खाणीत शंभर वर्षांपूर्वी झालेला संप अजून मिटलेला नाही. म्हणजे कागदोपत्री मिटला, उपाशीपोटी. मनातून नाही. संपाच्या काळात घराघराच्या खिडकीत हे कार्ड लावलेलं असायचं. घरातला माणूस कामावर परत गेला की ते काढायचं. रिकामी खिडकी म्हणजे फितुराचं घर, हे पोराटोरांनाही कळायचं.

इदवलचे आजोबा रॉबर्ट ह्यूज म्हणजे संपाचे पुढारी. सभा गाजवल्या, तुरुंगात गेले. हे त्याला कोणी सांगितलं? गावाने. इदवलचे वडील लहानपणी डोंगरापलीकडच्या वस्तीतून इथे आले. संपवाल्या रॉबर्ट ह्यूजचे चिरंजीव का तुम्ही, असं कोणी विचारलं की ते पाइप पेटवायला लागायचे. पाइप पेटवला म्हणजे होकार, असं गावाने ठरवून टाकलं. ते वारल्यावर त्यांच्या पेटीत हे कार्ड सापडलं, मग तर बोलायलाच नको.

या आजोबांचा त्रास सर्वांत जास्त कोणाला झाला असेल तर मेन्ना ओवेनला. मेन्ना निवृत्त शिक्षिका, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवते. तिचे आजोबा संप चालू असताना कामावर गेलेले, हे जगजाहीर. इदवल तिला तोंडाने कधी वावगं बोलला नाही, तो सभ्य माणूस. तो फक्त बस पुढे न्यायचा. थांब्यावर मेन्ना एकटी उभी असली की ब्रेक जरा उशिरा लागायचा. मग मेन्ना पिशव्या सांभाळत चालत यायची, तिकीट काढायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. पावसातही. आम्ही बसमधले सगळे हे बघायचो आणि गंमत म्हणून हसायचो.

तर, दर वर्षी मे महिन्यात आमच्या गावचा आयस्तेदवोद असतो. गाणी, कविता, निबंध, सगळ्यांच्या चढाओढी. आमचा वार्षिक जलसाच म्हणा. निबंध टोपणनावाने द्यायचा, परीक्षकाने भर सभेत त्याची चिरफाड करायची, आणि जिंकणाऱ्याचं टोपणनाव पुकारलं की त्याने सभागृहात जागच्या जागी उभं राहायचं. मग गेल्या वर्षीचा विजेता त्याच्या गळ्यात बक्षिसाच्या पैशांची, रेशमी रिबिनीची चिमुकली पिशवी घालतो. निबंधात बरीच वर्षं मेन्नाच जिंकत आल्यामुळे तिच्या गळ्यात पिशवी कोणी घालायची याचीच पंचाईत असायची. त्या वर्षी विषय निघाला, ‘संप आणि आपलं घर.’

“आता बघू बाई काय लिहितात ते,” इदवल म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात हजर झाला.

ग्रंथालयातली स्थानिक इतिहासाची खोली माझ्या ताब्यात असते. माझं नाव नेस्ता. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, या खोलीत दोन जातींची माणसं येतात, इतिहास शोधणारी आणि आजोबा शोधणारी. पहिल्या जातीची फारशी येत नाहीत.

“पेन खिशात ठेव,” मी म्हटलं. “इथे फक्त पेन्सिल.”

“का? मी काय भिंतीवर लिहिणार आहे?”

“आणि तो मनुकांचा पाव पिशवीत. नाही, तोंडातला संपव आधी.”

जुनी वर्तमानपत्रं आमच्याकडे फिल्मच्या रिळांवर आहेत. यंत्रात रीळ घालायचं, बाजूचं चाक फिरवायचं, म्हणजे पडद्यावर एकेक पान सरकतं. चाक हातात आल्याबरोबर इदवल ड्रायव्हर झाला. जानेवारीत बसला आणि थेट ऑगस्टात जाऊन थांबला.

“अरे, थांबे घे की मधले!”

“प्रवासी कुठे दिसतायत?”

“तुझे आजोबा मार्चमध्येच उभे असतील हात करून.”

हळूहळू त्याचा हात बसला. ‘रॉबर्ट ह्यूज’ हे नाव दिसलं की तो बातमी कार्डावर उतरवून घ्यायचा आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायचा. आजोबांनी सभेत भाषण केलं. आजोबांनी तक्रार घेऊन जाणाऱ्या मंडळींचं नेतृत्व केलं. आजोबांना दगडफेकीबद्दल कैद झाली. आजोबांनी गाण्याचं बक्षीस मिळवलं. कोंबडीचोरीच्या खटल्यात आजोबा निर्दोष सुटले. “बघ, निर्दोष!” आजोबांना जुळं झालं, हे कळल्यावर मात्र तो जरा गोंधळला, कारण त्याचे वडील जुळे नव्हते.

पंधरवड्यात बुटांचं खोकं कार्डांनी भरलं. एकदा तो चहाला गेला असताना मी ती चाळली. आगाऊपणा म्हणा, पण सवय आहे.

तो आल्यावर मी विचारलं, “इदवल, तुझे आजोबा तुरुंगात होते त्याच शनिवारी शेजारच्या खोऱ्यात गाण्याचं बक्षीस घेत होते. हे कसं काय?”

“सुटून आले असतील.”

“आणि सोमवारी परत जाऊन बसले?”

“आमचे आजोबा शब्दाचे पक्के होते,” तो म्हणाला. पण चहाचा पेला त्याने कार्डांवरच ठेवला, आणि मी ओरडले तरी उचलला नाही.

आता मजा बघा. आमच्याकडे आडनावं मूठभर आणि माणसं भरमसाट. म्हणून माणूस ओळखायचा तो घराच्या नावाने. इदवलच्या बसमध्ये सकाळी सात-सात जोन्सबाई असायच्या, आणि हा गडी प्रत्येकीला तिच्या घराच्या नावाने हाक मारायचा, कधी चुकला नाही. वर्तमानपत्रवालेही आमच्यातलेच, तेही नावापुढे घराचं नाव छापायचे. इदवलने प्रत्येक कार्डावर ते इमानाने उतरवलंही होतं. फक्त वाचलं नव्हतं. स्वतःच्या आजोबांना घर विचारायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

“तुझे वडील कुठल्या घरातले?” मी विचारलं.

“टी-पेल्ला. वस्तीतलं शेवटचं घर.”

“मग घरांप्रमाणे ढीग कर.”

मोठ्या टेबलावर आम्ही ढीग लावले. पाच झाले. भाषण, तक्रार, तुरुंग, सगळं गेलं पूल-घरच्या रॉबर्ट ह्यूजकडे. गाणं गेलं गिरणीवाल्याकडे, जुळं तिसऱ्याकडे. कोंबडीसुद्धा भलत्याच्याच वाट्याला आली. मी आधी हसत होते. “बरं झालं,” म्हटलं, “निदान तुझ्या घराण्यावरचा कोंबडीचा डाग गेला.” मग माझ्या लक्षात आलं की इदवल हसत नाही. टी-पेल्लाच्या ढिगात एकच कार्ड राहिलं होतं. संपाच्या दुसऱ्या हिवाळ्यात कामावर परत गेलेल्या माणसांची नावं वर्तमानपत्राने छापली होती, आणि त्यात टी-पेल्लाचा रॉबर्ट ह्यूज होता. उतरवताना याला वाटलं होतं, आजोबांनी नावं जाहीर केली.

त्याने ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाला, “रीळ चुकीचं दिलंस तू मला.”

“रीळ बरोबर आहे, इदवल.”

“मग यंत्र बिघडलंय.” त्याने कोट घातला, खोकं तिथेच टाकलं आणि निघून गेला.

आठवडा झाला, इदवल फिरकला नाही. दुकानात दिसला तर पाव निरखत उभा राहिला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. आयुष्यभर दुसऱ्याच्या आजोबांचा हिशोब चुकता करणाऱ्या माणसाला स्वतःचे आजोबा एका कार्डाइतकेही सोसेनात! मी त्याच्या दारावर गेले. तो आत शेगडीपुढे बसला होता आणि भिंतीवरची चौकट पाठमोरी टांगलेली होती.

“निबंध देणार नाहीस?”

“काय लिहू? गावाला दुसऱ्याचे आजोबा दाखवत फिरलो म्हणून लिहू? मेन्ना पहिल्या रांगेत बसून ऐकेल.”

“तू नुसतं नाव वाचलंस आणि पळालास. बस दरीच्या तोंडाशी आली तर काय करायचास?”

“गाडी मागे घेणार, दुसरं काय.”

“मग घे की मागे. पत्राचा आधीचा अंक बघितलायस का?”

दुसऱ्या दिवशी तो आला, पेन्सिल घेऊन. या खेपेला त्याने चाक इतकं सावकाश मागे फिरवलं की मला वाटलं झोपला. मग त्याने मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. पडद्यावर मृत्यूच्या बातम्यांचा रकाना होता. अगदी खाली, दोन ओळींत: टी-पेल्लाच्या रॉबर्ट ह्यूजची मुलगी अ‍ॅनी, वय चार, दीर्घ आजारानंतर. नावांचा अंक त्याच्या पुढच्याच आठवड्यातला होता.

“मला आत्या होती,” इदवल म्हणाला. “नेस्ता, मला आत्या होती आणि मला कोणी सांगितलं नाही.”

मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले. माझ्या खोलीत रडायला बंदी नाही, फक्त पेनाला आहे. थोड्या वेळाने मी त्याला पिशवीतला पाव काढ म्हटलं, आणि तो आम्ही दोघांनी तिथेच यंत्रापुढे खाल्ला.

त्यानंतर तो रोज यायला लागला. संपातल्या घरांत लोक काय खायचे, औषध कुठून आणायचे, याची पुस्तकं त्याने मागवून वाचली. मेन्नाच्या आजोबांचं नाव त्याच यादीत होतं. त्यांच्या घरासाठीही त्याने गाडी मागे घेतली. काय सापडलं ते मला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो बससाठी न थांबता घरी चालत गेला.

जलशाच्या दिवशी चॅपलचं सभागृह गच्च भरलं होतं. मेन्ना पियानोपाशी होती, इदवल मागच्या रांगेत, गळपट्ट्याची गाठ करकचून बांधून. निबंधाचा परीक्षक बाहेरगावचा प्राध्यापक होता. त्याने आधी तिसरा आणि दुसरा क्रमांक सोलून काढला. दुसऱ्या निबंधाची भाषा अशी घोटीव होती की तो मेन्नाचा हे सगळ्यांना कळलं, आणि इतक्या वर्षांनी मेन्ना दुसरी म्हणून कुजबुज सुरू झाली.

“पहिल्या निबंधाच्या लेखकाला,” तो म्हणाला, “उद्गारचिन्हांचा सोस आहे. मोटारीचा भोंगा वाजवावा तशी जागोजाग वाजवली आहेत. पण शेवटच्या पानावर एकही नाही.” आणि त्याने ते पान वाचलं. त्यात अ‍ॅनी होती. त्याच हिवाळ्यात त्याच यादीतल्या आणखी एका घरातून निघालेली लहान शवपेटी होती, घराचं नाव न घेता. शेवटी होतं, ‘आमचं कार्ड खिडकीतून काढलं, पण फाडलं नाही. का फाडलं नाही, ते मला कुठल्याही वर्तमानपत्रात सापडलं नाही. ज्यांना विचारायचं ते आता नाहीत, आणि ते होते तेव्हा मी विचारलं नाही.’

“टोपणनाव,” परीक्षक म्हणाला, “‘रिकामी खिडकी’. लेखकाने उभं राहावं.”

दुसरा निबंध तिचा हे कळूनही सगळं सभागृह वळून मेन्नाकडे बघायला लागलं. रिकाम्या खिडकीचं घर म्हटलं की आमच्या माना आपोआप तिकडेच वळतात. मेन्ना लाल झाली आणि तिने नकारार्थी मान हलवली. कोणीच उठेना. मी मागे वळून इदवलकडे डोळे वटारले. मग बाकाचा करकर आवाज झाला आणि तो उभा राहिला, दोन्ही हातांनी पुढचं बाक धरून.

टाळ्या कोणाला सुचल्याच नाहीत. सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालला असणार, याचेही आजोबा फितूर, मग बसमध्ये आपण हसलो कोणाला? तो हिशोब मीही आधी केला होता.

रिबिनीची पिशवी गेल्या वर्षीच्या विजेत्याने घालायची. मेन्ना पियानोपासून उठली, पिशवी घेतली आणि मधल्या वाटेने सावकाश चालत इदवलच्या रांगेपर्यंत आली. आली, आणि थांबलीच नाही. त्याच्याकडे न बघता त्याला ओलांडून थेट दारापर्यंत गेली. मला वाटलं, निघून गेली ही. बरोबरच आहे तिचं.

दारापाशी मेन्ना वळून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तोंडावर चक्क मिस्कील हसू होतं.

“ये की इदवल,” ती म्हणाली. “जरा चालत ये. मी नाही का इतकी वर्षं आले?”

सभागृहात हशा उसळला, आणि बाकांच्या मधून वाट काढत, लोकांच्या पायांवर पाय देत, इदवल चालत निघाला.